दारूचं शिंग आणि बुचावरचे दात

मित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. जन्म बैलाच्या डोक्यावर, संसार माणसाच्या कमरेवर. पोटात काळी पूड, तोंडाला लाकडी बूच. पावसाला भीत नाही, पण ठिणगीचं नाव काढलं की थरथर कापतं. ओळखा पाहू, मी कोण?

नाही ना आलं? साहजिकच आहे. ज्यांना ही वस्तू रोज लागायची ती माणसंच आता राहिली नाहीत. उत्तर आहे – दारूचं शिंग! थांबा, लगेच नाक मुरडू नका. ही दारू पिण्याची नव्हे. दिवाळीच्या फटाक्यांना मोठी माणसं ‘शोभेची दारू’ म्हणतात ना, त्यातली ही दारू. दारूगोळा या शब्दातली. सोरा, गंधक आणि लाकडाचा कोळसा यांची काळी भुकटी, म्हणजेच बारूद.

आता तुम्ही म्हणाल, बारूद ठेवायला शिंग कशाला? डबा नाही का चालणार? तेच तर सांगायचंय. पण त्यासाठी आधी जुनी बंदूक कशी उडवत ते बघू.

आजच्या बंदुकीत तयार काडतूस असतं. ते आत सरकवायचं आणि घोडा ओढायचा. पण तीनशे वर्षांपूर्वी असलं काही नव्हतं. तेव्हाची बंदूक ठासणीची. म्हणजे सगळा माल नळीच्या तोंडातून आत घालायचा आणि लांब गजाने ठासायचा. आधी मापाने बारूद, मग चिंधी किंवा कागद, मग शिशाची गोळी. एवढ्यावर भागत नसे. नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असे. त्याला म्हणत ‘कान’. त्या कानाशी चिमूटभर बारीक दारू पेरायची. ही झाली ‘रंजक’. मग सुताची जळती वात, म्हणजे तोडा किंवा जामगी, त्या रंजकीवर टेकवायची. रंजक पेटली की कानातून आग आत शिरणार आणि धडाम्! पुढे तोड्याच्या जागी चकमकीचा दगड आला. त्याची ठिणगी पडली की झालं काम. एक बार काढायला एवढा खटाटोप. आणि हे सगळं शत्रू समोरून धावत येत असताना, बरं का!

मग दारू जवळ कशात बाळगायची? दारूचे वैरी दोन, आग आणि ओल. ठिणगी पडली तर माणसासकट स्फोट, आणि दमट झाली तर नुसतीच फुस्स! रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘आज्ञापत्र’ लिहिलं, त्यात किल्ल्यावर दारू कशी सांभाळावी यावरही लिहिलंय. दारूची कोठी राहत्या घरांपासून लांब असावी, ठराविक दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावं, अशी त्यात ताकीद आहे. आपल्या घरी पावसाळ्यानंतर डाळींना ऊन देतात, तसंच की हे! फक्त या डाळीजवळ चूल पेटवायची नाही.

किल्ल्याची गोष्ट निराळी. शिपाई तर पायी चालणार, नदी ओलांडणार, पावसात भिजणार. त्याला हवं होतं हलकं, न फुटणारं, पाणी न शिरणारं आणि ठिणगी न पाडणारं भांडं. मातीचं मडकं फुटतं. लोखंड गंजतं आणि आपटलं तर ठिणगी पडायची भीती. चामडं भिजतं. आणि शिंग? शिंग हलकं, चिवट, आतून पोकळ. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळतं. म्हणजे निसर्गाने डबा आणि नरसाळं एकत्र करूनच दिलेलं! शिवाय शिंग तासून पातळ केलं की उजेडात धरल्यावर आत किती दारू उरली तेही अंधुक दिसतं.

तुमच्या-माझ्या नखांचा आणि शिंगांचा पदार्थ एकच, केराटिन. बैलाच्या डोक्यावर आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर शिंगाचं टोपण चढलेलं असतं. मेलेल्या बैलाचं शिंग भिजवून किंवा उकळून सैल केलं की हा गाभा निघून येतो. टोकाकडचा भाग भरीव असतो, तिथे छिद्र पाडायचं. रुंद तोंडाला लाकडाची चकती ठोकायची, फटीत मेण किंवा चरबी भरायची. निमुळत्या तोंडाला बूच. बाक असा बघायचा की शिंग कमरेला बिलगून बसलं पाहिजे. दोरी अडकवली की झालं तयार.

आमच्याकडच्या मुलांना शिंगाची ओळख वेगळी करून द्यायला नको. माझं गाव लोणी देवकर. पुण्याहून सोलापूरला निघालात की भिगवण मागे पडतं आणि इंदापूर यायच्या आत आमचं गाव लागतं. या सगळ्या पट्ट्यात खिलार बैलांचं वेड. पांढराशुभ्र रंग, ताठ मान आणि मागे वळलेली लांबलचक शिंगं. पोळ्याच्या आधी ही शिंगं साळायची, म्हणजे तासून गुळगुळीत करायची, त्यांना हिंगूळ लावायचा आणि टोकाला पितळी शेंब्या बसवायच्या. काय रुबाब दिसतो म्हणता! शिंग साळताना निघणारा तो पांढरा-पिवळा पापुद्रा हातात घेऊन आम्ही त्यातून सूर्य बघायचो.

पण दोस्तांनो, शिंगावर नुसता रंग देऊन न थांबता त्यावर चक्क नकाशे कोरणारी माणसं होऊन गेली आहेत. कुठे? तर आपल्यापासून हजारो मैल लांब, अमेरिकेत!

अमेरिका स्वतंत्र देश व्हायच्या आधीची गोष्ट. १७५४ ते १७६३ या काळात तिथे इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात मोठं युद्ध चाललं होतं. आपल्याकडे पानिपत झालं ते १७६१ साली, म्हणजे त्याच सुमाराला. त्यानंतर १७७५ मध्ये तिथल्या वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या. गंमत बघा, त्याच १७७५ साली इकडे मराठे आणि इंग्रज यांचंही युद्ध पेटलं. १७७९ च्या जानेवारीत आपल्या मावळातल्या वडगावला मराठ्यांनी इंग्रजांची दाणादाण उडवली, तेव्हा तिकडे अमेरिकेतले शेतकरी त्याच इंग्रजांशी झुंजत होते. एकमेकांचं नावही माहीत नसलेली माणसं एकाच वेळी एकाच सत्तेशी लढत होती!

हे अमेरिकन शिपाई बहुतेक साधे लोक. कोणी शेतकरी, कोणी सुतार, कोणी लोहार. घरून येताना स्वतःची बंदूक आणि स्वतःचं दारूचं शिंग घेऊन यायचे. आणि लढाई म्हणजे काही रोज धुमश्चक्री नसते. महिनोन् महिने छावणीत नुसतं बसून राहायचं. १७७५ च्या एप्रिलपासून १७७६ च्या मार्चपर्यंत त्यांनी बॉस्टन शहराला वेढा घातला होता. जवळजवळ अकरा महिने! थंडी, कंटाळा, घरची आठवण. मग हातात काय? चाकू आणि शिंग. बसले कोरत!

चाकूच्या टोकाने किंवा सुईने रेघा ओढायच्या आणि त्यात काजळी किंवा दारूचीच काळी पूड चोळायची. पिवळसर शिंगावर काळी रेघ अशी उठून दिसते म्हणता! काय नाही कोरलं त्यांनी? नद्या, किल्ले, गलबतं, घरं, झाडं, मासे, हरणं. हडसन आणि मोहॉक या नद्यांचे अख्खे नकाशे शिंगाभोवती गुंडाळलेले सापडतात. त्या काळी छापील नकाशे दुर्मीळ, त्यामुळे वाटेवरचे किल्ले शिपाई शिंगावरच उतरवून घ्यायचे. १७६२ मध्ये इंग्रजांनी क्यूबातलं हवाना शहर जिंकलं, तर हवानाच्या बंदराचं चित्र कोरलेलीही शिंगं आहेत.

आणि जवळजवळ प्रत्येकावर एक गोष्ट हमखास असायची, ती म्हणजे नाव. अमक्या अमक्याचं शिंग, अमुक गाव, अमुक साल. लिहिणाऱ्याला धड लिहिता येत असेलच असं नाही. कुठे अक्षर उलटं, कुठे स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं. मास्तरांनी तपासलं असतं तर सगळ्या शिंगांवर लाल रेघा पडल्या असत्या! पण तीच अक्षरं वाचताना आज तो माणूस समोर उभा राहतो.

त्यातल्या एका कोरणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा. जॉन बुश. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावचा हा कृष्णवर्णीय शिपाई. ज्या काळात त्याच्यासारख्या कितीतरी माणसांना गुलाम म्हणून विकलं जात होतं, त्या काळात त्याच्या हातचं वळणदार अक्षर आपल्या शिंगावर असावं म्हणून गोरे अधिकारी त्याच्याकडे शिंग देत. १७५७ च्या ऑगस्टमध्ये फोर्ट विल्यम हेन्री हा किल्ला फ्रेंचांच्या हाती पडला, जॉन कैद झाला आणि पुन्हा घरी परतला नाही. त्याने कोरलेली शिंगं मात्र राहिली. दुसऱ्यांची नावं कोरता कोरता त्याचंही नाव राहिलं.

आणखी एक छान माणूस म्हणजे रूफस ग्रायडर. हा न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनाजोहारी गावातला चित्रकलेचा मास्तर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो अशी शिंगं शोधत हिंडला. विकत घ्यायला नव्हे, तर चित्रं काढायला! गोल शिंगावरची नक्षी कागदावर सपाट उलगडून त्याने शेकडो शिंगांची रंगीत चित्रं केली. त्यातली काही मूळ शिंगं पुढे कुठे गेली कोण जाणे, पण ग्रायडर मास्तरांच्या चित्रांमुळे ती आज बघता येतात.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे नव्हती का अशी शिंगं? होती तर! नुसती शिंगंच काय, उंटाच्या कातड्याची, शंख-शिंपल्याची, पितळेची, लाकडाची दारूपात्रं होती. मुघल काळातली हस्तिदंती रंजकदानं तर बघतच राहावीत अशी. एकाच दातात धावणारी हरणं, चित्ते, पक्षी एकमेकांत गुंफलेले. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांचं दालन बघा. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी हे संग्रहालय उभारलं. अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती अशा रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू गावोगाव हिंडून त्यांनी गोळा केल्या आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला.

आपल्या कारागिरांचा हात अमेरिकन शिपायाच्या चाकूपेक्षा कितीतरी सरस. पण एक फरक जाणवतो. आपल्या दारूपात्रांवर वेलबुट्टी असते, हरणं असतात, पण ते ज्याने घडवलं आणि ज्याने कमरेला लावलं, त्याचं नाव सहसा नसतं. शिपाई गेला, कारागीर गेला, वस्तू तेवढी मुकी राहिली.

असंच एक मुकं शिंग आमच्या घरात आहे. नक्षी नाही, हस्तिदंत नाही. साध्या बैलाचं, वीतभर लांबीचं, काळपट पिवळं. माळवदाच्या खोलीत खुंटीला टांगलेलं असायचं. लहानपणी आम्हा भावंडांची खात्रीच होती की हे शिवाजी महाराजांच्या मावळ्याचं! इंदापूरला मालोजीराजांची गढी, मग आमच्या घरातलं शिंग मावळ्याचं नसणार तर कोणाचं? शाळेत मी हे छाती फुगवून सांगायचो.

एका वर्षी गावात जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी आला. पितळी समया, जुनी कुलपं, लाकडी कोरीव चौकटी असं काहीबाही तो घेत हिंडत होता. त्याने आमचं शिंग हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, ‘‘वस्तू चांगली आहे. पण याच्यावर काही लिहिलेलं नाही. नाव असतं, साल असतं, तर दहापट पैसे दिले असते. आठवड्याने येतो, काही कागद-बिगद सापडला तर बघा.’’

ते दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरीने तळ गाठलेला, डाळिंबाची झाडं वाळायला लागलेली. टँकरचं पाणी विकत घ्यायला पैसे नव्हते. रात्री जेवणं झाल्यावर माझा मोठा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, हळूच म्हणाला, ‘‘नाव नाही तर नाव घालू की!’’ दादा तेव्हा आयटीआयला फिटरचं शिकत होता. हात मोठा सफाईदार. ‘‘एक शके घालू, मोडीत दोन अक्षरं काढू, काजळी चोळू. कोण बघतंय? त्या पैशात चार महिने टँकर येईल.’’

खरं सांगतो, घरात कोणी लगेच ‘नको’ म्हटलं नाही. चुलते गप्प. वडील जमिनीकडे बघत बसलेले. वाळणारी झाडं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. आणि एका जुन्या शिंगावर चार रेघा ओढल्याने कोणाचं काय बिघडणार होतं?

आज्जी दाराशी बसली होती. तिने शिंग मागून घेतलं, बूच उपटलं आणि दादाच्या हातात ठेवलं. ‘‘दिव्यापाशी धर. काय दिसतंय?’’

‘‘लाकूड. खड्डे पडलेत.’’

‘‘खड्डे न्हाईत, पोरा. दात हाईत ते. तुझ्या आज्याचे.’’

मग तिने सांगितलं. आबांकडे रानाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. शाळूच्या दिवसांत रात्र रात्र माळ्यावर बसून ते रानडुकरं हाकायचे. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात शिंग. मग बूच कशाने उपटणार? दातांनी! वर्षानुवर्षं एकाच जागी चावून चावून त्या बाभळीच्या बुचाला खळगे पडले होते. शिंगाची एक बाजू गुळगुळीत चकचकीत झाली होती, ती त्यांच्या धोतराच्या कमरेला घासून. आबा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. शिंगाचं कोणी काही विचारलं नाही, ते खुंटीलाच राहिलं.

‘‘तू आता हितं कुणा सरदाराचं नाव घालणार,’’ आज्जी म्हणाली, ‘‘मग ह्यो माणूस कुठं जाईल? त्यानं थंडीत जागून तुमच्या बापाला खाऊ घातलं. त्याचं एवढंच तर ऱ्हायलंय.’’

दादाने बूच परत बसवलं. आठवड्याने व्यापारी आला तेव्हा त्याला शिंग दाखवलंच नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही दोन शेळ्या विकल्या. थोडी झाडं वाचली, बरीच गेली. खोटं वाटेल म्हणून सांगत नाही, पण ती गेलेली झाडं वडिलांना पुढे कितीतरी दिवस आठवत होती. खरेपणाने वागलं की लगेच पाऊस पडतो, असं काही नसतं मित्रांनो.

पुढे मोठा झाल्यावर मी अमेरिकेतल्या शिंगांविषयी वाचलं, तेव्हा कळलं की दादाची युक्ती काही नवी नव्हती. तिकडेही कोऱ्या जुन्या शिंगांवर मागाहून नावं आणि सालं कोरून ती विकणारे निघाले. आणि त्यांना पकडणारे हुशार लोकही निघाले. ते कसं ओळखतात सांगू? भिंगातून बघायचं. खरी जुनी रेघ हाताळून हाताळून बोथट झालेली असते, नवी रेघ कडेला धारदार दिसते. शिंगाला किड्याने खड्डा पाडलेला असेल आणि कोरलेली रेघ त्या खड्ड्यात उतरली असेल, तर समजायचं की आधी किडा आला, मग कोरणारा! शिंगाची जी बाजू अंगाला घासून झिजली, तिथली अक्षरंही झिजलेली हवीत. बाकी सगळं झिजलं आणि नाव तेवढं ठसठशीत, असं असेल तर दाल में कुछ काला है. बघा, वस्तू खोटं बोलत नाही. तिला बोलतं करायला डोळे हवेत.

एकदा खोटं नाव पडलं की नुसती त्या एका वस्तूची फसवणूक होत नाही. खऱ्या जॉन बुशच्या शिंगाकडेही मग लोक संशयाने बघायला लागतात. खोट्या नाण्यामुळे खऱ्या नाण्याची पत जाते, तसंच हे.

पण आपल्याकडे वस्तूंवर नावं घालतच नाहीत, असं म्हणून मी थांबलो तर आपल्या आयाबायांवर अन्याय होईल! जरा स्वयंपाकघरात जा. जुना पितळी हंडा, तांब्या, परात किंवा स्टीलचा डबा उचला आणि काठाजवळ बघा. बारीक बारीक ठिपक्यांनी काढलेली अक्षरं दिसतील. भांड्यांच्या दुकानात माणूस छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन टक् टक् टक् करत नाव घालायचा. पुढे त्याची विजेवरची यंत्रं आली. कोणाच्या लग्नात, कोणी दिलं, गाव कोणतं, तारीख काय, सगळं त्या ठिपक्यांत. अमेरिकन शिपाई शिंगावर जे लिहायचा तेच की हे! फक्त इथे चाकूच्या जागी छिन्नी आणि लढाईच्या जागी लग्न. पंगतीला गावभर भांडी जायची, ती आपली आपल्याकडे परत यावीत म्हणून घातलेली ही नावं आज घराचा इतिहास झाली आहेत.

आमच्या घरी असा एक हंडा आहे. वडिलांच्या आत्याचा. त्यावर जे गाव लिहिलंय तिथे आता एसटी जात नाही, पोस्टमनही जात नाही. कारण ते गाव पाण्याखाली आहे. भीमा नदीवर उजनी धरण झालं, १९८० मध्ये ते पुरं झालं आणि नदीकाठची कितीतरी गावं त्या पाण्यात गेली. आमच्या शेजारच्या पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिरही त्यातलंच. एरवी ते पाण्यात असतं आणि धरणाचं पाणी फार खाली गेलं की बाहेर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते बाहेर आलं तेव्हा लोक गर्दी करून बघायला गेले होते. भिगवणला रोहित पक्षी बघायला तुम्ही आला असाल, ते ज्या पाण्यात उभे असतात ते हेच पाणी.

घरं सोडताना लोकांनी तुळया, दारं, चौकटी गाड्यांत घालून आणल्या. पण सगळं कुठून आणता येणार? ओटा आणता येत नाही, पार आणता येत नाही, गावाची वेस आणता येत नाही. आत्याआज्जीच्या हंड्यावर मात्र त्या गावाचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी अजून शाबूत आहे. पितळेवरचं नाव पाण्याने पुसलं नाही. आणि शिंगावर नाव नव्हतं म्हणून आमचे आबा जवळजवळ पुसलेच गेले होते. आज्जी त्या रात्री दाराशी बसलेली नसती तर आज आमच्या घरात एका खोट्या सरदाराचं शिंग असतं किंवा काहीच नसतं.

आज्जी आता नाही. पण त्या रात्रीनंतर आम्ही एक काम केलं. एका कागदावर लिहिलं – हे शिंग कोणाचं, कोणत्या रानात वापरलं, बुचावरचे व्रण कशाचे, ही माहिती कोणी सांगितली आणि कोणत्या तारखेला सांगितली. अक्षर दादाचं. मोडी नव्हे, साधं बाळबोध. तो कागद आणि ते शिंग एकाच पेटीत ठेवलंय. व्यापाऱ्याच्या हिशेबी त्या कागदाला शून्य किंमत असेल. आमच्या पुतण्यांनी मात्र तो वाचून लगेच बुचाच्या खळग्यांना आपले दात लावून बघितले!

तेव्हा दोस्तांनो, या सुट्टीत हे काम तुम्हीही करा. घरातल्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघरामागे काय काय आहे ते बघा. अडकित्ता, पानपुडा, मापटं, गोफण, जुनं कुलूप, काहीही. त्यावर अक्षरं असतील तर कोरा कागद ठेवून पेन्सिलीने हलकं घासा, ठसा उमटेल. अक्षरं नसतील तर झीज बघा. वस्तू कुठे गुळगुळीत झाली? कोणत्या हाताने धरत असतील? मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा. आजच विचारा. वस्तू शंभर वर्षं थांबते, सांगणारं माणूस थांबत नाही.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. एक, कुठे जुनं दारूचं शिंग किंवा डबा सापडला तर त्याच्याशी खेळू नका, जवळ काडी-दिवा नेऊ नका. आत उरलेली दारू कित्येक वर्षांनीही पेट घेऊ शकते. मोठ्या माणसांना सांगा. दोन, वस्तू घासूनपुसून नव्यासारखी चकचकीत करू नका. तुम्ही जो मळ समजता त्यातच तिची गोष्ट असते. आणि तीन, शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परदेशी पाठवायला आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्यांचा व्यापार करायलाही परवाना लागतो. १९७२ चाच आणखी एक कायदा वन्य प्राण्यांसाठी आहे. आमच्या तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर आणि शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा हरणं आहेत. त्यांची शिंगं त्यांच्याच डोक्यावर शोभतात. ती विकणं-विकत घेणं गुन्हा आहे.

बाकी काही लागत नाही. एक वही, एक पेन आणि थोडा धीर. वहीत वर वस्तूचं नाव लिहा, खाली ती कोणाची ते लिहा. माहीत नसेल ती जागा कोरी सोडा, पण तिथे खोटं नाव घालू नका. कोरी जागा उद्या कोणीतरी भरू शकेल.